हरकत मान्य

२९ ऑगस्ट. दीड दिवसाच्या गणपतीची पितळी भांडी चिंचेच्या कोळानं घासत होते, तेव्हा मंगलचा फोन आला. हात चिकट होते म्हणून कोपरानंच स्पीकर लावला.

"आमची वस्ती फोडली गं," ती म्हणाली.

मला वाटलं, बुलडोझर आला. विचारलं, किती घरं गेली?

"घरं नाही गं, मतं. प्रभागांचा नवा नकाशा लागलाय. मधोमध रेघ मारलीय आमच्या. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हरकत घ्यायला सहा दिवस आहेत. तू ये."

मंगल आणि मी तीस वर्षांपूर्वी पार्ल्यात एकाच टायपिंग क्लासला होतो. ती पुढे विमा कचेरीत लागली, मी एका वकिलांकडे. अर्ज, शपथपत्रं, लेखी युक्तिवाद हे सगळं बावीस वर्षं मी टंकते आहे, त्यामुळे कागदाचं काही असलं की तिचा फोन मला. ती दिंडोशीच्या टेकडीवर मैत्रीनगरात राहते. नवरा वारला, मुलगी बडोद्याला. घरी ती आणि ऐंशी ओलांडलेले सासरे.

पार्ल्याहून तिथे जायला तासही लागत नाही. भाऊ म्हणाला, "याचं काय प्रवासवर्णन लिहितेस?" पण आमच्या इमारतीत बावीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतलं एकही माणूस आजवर हद्दीच्या सुनावणीला गेलेलं नाही. पुढेमागे कुणाला जावं लागलं तर माझ्यासारखं जाऊ नये, म्हणून लिहिते.

दिंडोशी

न्यायालयाची इमारत मागे टाकली की टॉवर सुरू होतात, आणि दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून मैत्रीनगराच्या पायऱ्या वर जातात. एकशे सहा आहेत. पायथ्याशी काळ्या पाइपांची चळत पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या.

"हे आमचं पाणी," मंगल पाइपांकडे हात करून म्हणाली. "अजून आडवंच आहे."

तिच्या गल्लीत नळ नाही. बेचाळीस घरं, एक विहार. पाणी आणायचं ते खालच्या अंगाच्या सार्वजनिक नळावरून, पहाटे साडेपाच ते सव्वासहा. मंगलच्या मणक्याची चकती सरकलेली आहे. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून सांगितलंय, आणि ती दोन हंडे, एक कळशी रोज उचलते. निवडणूक कित्येक वर्षं झालेली नाही, म्हणून नगरसेवक सध्या 'माजी' आहेत. पण पुन्हा उभे राहणार आहेत आणि त्यांना मैत्रीनगरची सहाशे घरं हवी आहेत. त्यासाठीच पाइप आले. सहाशेची तीनशे झाली तर पाइप तसेच पडून राहतील, हे मंगलला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आम्हा पार्लेकरांना नगरसेवक आठवतो तो झाडाची फांदी तोडायची असली की. पाणी आपोआप येतं, त्यामुळे मत कुणाला दिलं हेही आम्ही विसरून जातो. इथे बायकांना मागच्या तीन निवडणुकांचे आकडे पाठ होते.

मंगलनं भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. गणपती उठून एकच दिवस झाला होता. वहिनीला सांगितलं नाही.

जेवताना सासरे, म्हणजे बापू, बोलायला लागले. बापूंची एक पद्धत आहे. गोष्ट कसलीही असो, सुरुवात वडिलांच्या मतापासून.

"माझ्या बापाला मत नव्हतं. परळला खोलीत आठ माणसं, पण घरपट्टी भरणार मालक, म्हणून मत मालकाला. इंग्रज गेला आणि मग सगळ्यांना मिळालं. पहिल्या मतदानाला मी बापाचं बोट धरून गेलो होतो. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. आणि आमच्याकडे दोन माणसं निवडायची होती बरं का, एक सगळ्यांतला, एक आमच्यासाठी राखीव. दोन मतं! बाप दहा दिवस तेच सांगत होता. पुढं तेही बंद केलं, एकाला एक म्हणाले."

"बापू, तिला जेवू द्या," मंगल म्हणाली.

"जेव की. मी काय हात धरलाय? आधी भांडण हेच होतं पोरी, की आम्ही आमचा माणूस वेगळा निवडायचा का सगळ्यांनी मिळून. मोठमोठी माणसं भांडली. डोकी मोजायची, का कोण कुणाबरोबर राहतंय ते बघायचं? अजून मिटलंय कुठं ते?"

मी त्यांना सांगितलं की आमच्या सोसायटीत मत फ्लॅटला असतं. फ्लॅट भावाचा, मत भावाचं, मी फक्त सभेचं इतिवृत्त टंकते.

बापू इतके हसले की ठसका लागला. "म्हणजे तू माझ्या बापातलीच!"

जेवण झाल्यावर मी अधिसूचना वाचायला घेतली. पूर्व हद्द अशी होती: अमुक रस्त्याच्या टोकापासून नाल्यानं उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. नकाशातली जाड रेघ मात्र वस्तीच्या मधल्या रस्त्यावर होती.

"इथे नाला कुठाय?" मी विचारलं.

"तो होता पूर्वी. बुजवला. वीसेक वर्षं झाली. आता नाला पलीकडच्या कडेनं नेलाय."

मला तिथल्या तिथे उत्तर सापडलं. नाला वस्तीच्या कडेनं वाहत असेल, तर हद्द त्या नाल्यावर न्या. सगळी वस्ती एका बाजूला येईल. रडारड नको, मोर्चा नको, एक सिद्ध करता येण्याजोगी चूक दाखवायची आणि संपलं.

मंगल म्हणाली, "आणि आम्हाला एकत्र राहू द्या, हेही लिही ना. सूचनांमध्ये आहे तसं, बघ."

होतं. मागासवर्गीयांच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत, असं मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मी 'शक्यतो' हा शब्द हजार वेळा टंकलाय. ज्या वाक्यात तो असतो त्या वाक्यावर कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. ते कलम मी गाळलं.

"एकच मुद्दा, तोही पक्का," मी म्हटलं. "दहा मुद्दे घातले की अधिकारी सगळ्यात कच्चा निवडतो आणि त्याच्यावरच अर्ज फेटाळतो."

"तुला कळतं त्यातलं," मंगल म्हणाली.

गोराई

नाला हलवल्याचा पुरावा हवा होता. मंगलच्या शेजाऱ्यानं सांगितलं की तेव्हाचा आराखडा काढणारे लॉरेन्स नावाचे ड्राफ्ट्समन निवृत्त होऊन गोराईला राहतात. बोरिवलीहून फेरीबोट घेतली. पलीकडे उतरताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. एका कोळणीनं दंड धरून मला वर ओढलं. "बाय, खाली बघून चाल. मावरं नाय पळत," एवढं सुनावून ती आपल्या मासळीच्या टोपल्यांकडे गेली.

लॉरेन्सकाका अंगणात बोंबील उलटत बसले होते. माझी साडी पाहून त्यांनी पंपाकडे बोट केलं. पाय धुऊन आले तोवर त्यांच्या बायकोनं फुगे तळून ठेवले होते. हे आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ, किंचित गोड पाव सणाला करतात. परवाच घरात बारसं झालं होतं, पीठ उरलेलं होतं. सोबत बाटलीतल्या मसाल्यातलं कोंबडीचं कालवण. मी सहा फुगे खाल्ले, एरवी मोजून खाते.

कपाटावरून त्यांनी पत्र्याची लांब नळी काढली. आत आराखडा, वाळवीनं एका कोपऱ्यात कुरतडलेला, पण रेषा टवटवीत होत्या. जुना नाला तुटक रेघेनं, नवा सलग रेघेनं. नवा नाला वस्तीच्या पूर्वेकडून जात होता आणि मंगलच्या गल्लीच्या मागून वळसा घेऊन डोंगराला लागत होता. सगळी सहाशे घरं, विहारासकट, अलीकडे. मला अगदी हेच हवं होतं.

"तुम्ही सही करून द्याल?"

"प्रत दे, करतो. पण बाई, मी कागदावरचं सांगणार. जागेवर कंत्राटदारानं काय केलं ते मी बघायला गेलो नाय. माझं काम टेबलावरचं."

मी मान हलवली. आम्हा दोघांचं काम टेबलावरचं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांच्या गावाचंही रडगाणं होतंच: खाडीच्या अलीकडची शेतकरी-कोळ्यांची घरं खाडीपलीकडच्या इमारतींना जोडलेली, आणि मोजणी अजून मागच्या जनगणनेचीच. "तेव्हा मोजलेली अर्धी माणसं तिकडे कबरस्तानात आहेत," काका म्हणाले. "पण हद्द ठरवायला येतात अजून."

गावातच प्रत काढून तिच्यावर त्यांची सही घेतली. परतीच्या बोटीत आराखडा मांडीवर आडवा धरून बसले. दुसऱ्या प्रवाशांच्या टोपल्यांतलं पाणी लागू नये म्हणून त्याच्यावर स्वतःची छत्री उघडली. लोक हसत होते. हसू दे म्हटलं.

हद्दीवरून चालत

कागद हातात आला तरी जागा पाहिली पाहिजे, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मंगलनं रजा टाकली आणि आम्ही दोघी नाल्याच्या काठानं निघालो. जमिनीवर प्रभागाची हद्द दिसत नाही. दिसतात थर्माकोलचे तुकडे, केळीचं बेट, एक बगळा, आणि मागच्या भिंतीतून नाल्यात सोडलेले मोरीचे पाइप. एका बाईनं वरून विचारलं, "मॅडम, सर्व्हे आहे का?" मंगल म्हणाली, "नाही गं, मतं शोधतोय." ती बाई म्हणाली, "सापडली की आमचीपण बघा."

मी पावलं मोजत होते आणि आराखड्याशी ताडत होते. सगळं जुळत होतं. मंगलच्या गल्लीपाशी नाला काँक्रीटच्या लाद्यांखाली गेला. लाद्यांवर मोटारसायकली उभ्या होत्या. गल्लीच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा उघडा प्रवाह दिसत होता.

"इथून खालून मागे वळतो. बरोबर ना?"

"मागेच असेल," मंगल म्हणाली. "पावसात पाणी घरात मागूनच घुसतं."

बापू दारात खाटेवर बसले होते. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं. "नाल्याचं मी सांगतो ना पोरी. काय झालं, माझ्या बापाला मत नव्हतं तेव्हा—"

"बापू, संध्याकाळी ऐकते," मी म्हटलं. "आज टंकून द्यायचंय."

त्या संध्याकाळी मी पार्ल्याला घरी होते. अर्ज दीड पानाचा झाला. इतका नेटका अर्ज मी वकिलांसाठीही केलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पोचपावती घेतली.

अंधेरी

सुनावणी अंधेरीला एका सभागृहात होती. आदल्या दिवशी तिथे लग्न झालं असावं, व्यासपीठावर झेंडूच्या पाकळ्या तशाच होत्या. टोकन, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाला तीन मिनिटं. एका निवृत्त प्राध्यापकांनी लोकशाहीवर बोलायला सुरुवात केली, त्यांचा घसा खाकरण्यातच एक मिनिट गेलं. एका बाईंना त्यांचं उद्यान त्यांच्याच प्रभागात हवं होतं. टॉवरवाल्या एका गृहस्थांचं म्हणणं, त्यांच्या प्रभागात झोपड्या नकोत. ते त्यांनी इतक्या सभ्य भाषेत मांडलं की टंकायला घेतलं असतं तर एकही शब्द खोडावा लागला नसता.

मंगल माझ्या कानाशी लागली. "शेवटी एक वाक्य बोल ना, यार. आम्ही एकत्र राहतो म्हणून."

"अर्जात नाही ते बोलता येत नाही."

दोन मिनिटं चाळीस सेकंदांत मी संपवलं. अधिसूचनेतलं वर्णन, नकाशातली चूक, आराखड्याची प्रत, लॉरेन्सकाकांची सही, आणि मागणी: पूर्व हद्द प्रत्यक्ष नाल्यानं न्यावी. अधिकारी तरुण होते, अदबीनं ऐकत होते.

"मॅडम, इतकी मुद्देसूद हरकत क्वचित येते," ते म्हणाले. "जागेवर पाहणी करून घेतो."

बाहेर येऊन मंगलनं मला उसाचा रस पाजला. मी खूश होते, आणि लपवत नव्हते.

परत दिंडोशी

तीनेक आठवड्यांनी मंगलनं एका कागदाचा फोटो पाठवला. आमच्या हरकतीच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, मान्य. त्या रात्री मैत्रीनगरात पेढे वाटले. मंगलनं माझ्यासाठी चार डब्यात ठेवले.

अंतिम नकाशा त्यानंतर दोन दिवसांनी आला. मंगलनं फोनवर फक्त "ये" म्हटलं.

रेघ नाल्यावरच होती, अगदी जशी मागितली तशी. पाहणी करणाऱ्यांनी जागेवर लाद्या उचलल्या आणि नाला कुठून वाहतो ते पाहिलं. तो गल्लीच्या मागून जात नव्हता. पुढून जात होता, लाद्यांखालून सरळ. मागचा प्रवाह म्हणजे डोंगराचं पावसाळी गटार. सहाशेतली साडेपाचशेच्या वर घरं एकत्र आली. मंगलची बेचाळीस घरं आणि विहार नाल्यापलीकडे, टॉवरांच्या प्रभागात गेली. पहिल्या नकाशात निदान त्यांच्यासोबत आणखी अडीचशे तरी होती.

मी खाटेवर बसले. बापू शेजारीच होते.

"नाला मागून नेणार होते, खरंय," ते म्हणाले. "पण मागं विहाराची भिंत येत होती. तोडावी लागली असती. मंगल आणि पोरगा तेव्हा बदलीच्या गावी होते, तिला ठाऊक नाही. आम्ही अकरा दिवस मशीनपुढं बसलो. मग कंत्राटदार म्हणाला, बरं, पुढून नेतो. माझ्या बापाला मत नव्हतं तेव्हा तो मालकाच्या दारात असाच बसायचा, त्याचंच ऐकून मी बसलो. तेच सांगणार होतो."

शेजारची एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही फार हुशार ना." मी ऐकून घेतलं.

अधिकाऱ्यांना फोन लागला, हे त्यांचं सौजन्य. त्यांनी अर्ज काढून वाचून दाखवला. "मॅडम, वस्ती एकसंध ठेवा असं यात कुठेच नाही. तसं असतं तर ते कलम आम्ही विचारात घेतलं असतं. तुमची मागणी होती हद्द नाल्यानं न्या. नेली."

"न्यायालयात जाऊ," मंगल म्हणाली.

प्रभागांच्या हद्दींत न्यायालयानं पडू नये, अशी तरतूद आहे. असे अर्ज निकालात निघालेले मी स्वतः टंकलेले आहेत, एकेक पानाचे. तिला तेवढं सांगितलं. ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

दुपारी माजी नगरसेवकांचा माणूस पायऱ्यांवर भेटला. चांगला माणूस, नजर चुकवत होता. म्हणाला, "पाइप टाकायला उद्या सुरुवात. पण लाइन लादीपर्यंतच. पुढचं आमच्यात येत नाही ना, ताई. तुमच्या नव्या प्रभागात कोण उभा राहतो ते बघा, त्याला सांगा."

नव्या प्रभागात त्या टॉवरवाल्या गृहस्थांसारखे हजारो मतदार आहेत. बेचाळीस घरांची मतं शंभर-सव्वाशे भरतात. कोण कशाला चढेल एकशे सहा पायऱ्या? राखीव जागाही प्रभागातल्या मागासवर्गीयांच्या संख्येवरून ठरतात, त्या हिशेबात ही गल्ली आता कुठेच दिसणार नाही. मी वकिलांना फोन केला, एका ओळखीच्या पत्रकाराला केला, आणखी दोन ठिकाणी केला. सगळ्यांनी एकच विचारलं: हरकत फेटाळली का? मी सांगायची, नाही, मान्य झाली.

रात्री मंगलकडेच राहिले. तिनं माझ्यासाठी ठेवलेले पेढे काढले. दोघींनी एकेक खाल्ला, ते थोडे आंबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता उठले, मंगलच्या आधी. दोन्ही हंडे घेतले आणि लादी ओलांडून खालच्या नळाच्या रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईनं मला ओळखलं. तिच्या गल्लीचं खोदकाम नऊ वाजता सुरू होणार होतं. तिनं तोंड भरून माझे आभार मानले, खरोखर मनापासून, आणि मला रांगेत पुढे घेतलं. मी तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला गेले तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते आणि नळाला पाणी नव्हतं.